हर्मेलिंदाची पहिली चौकट

"आधी कॉपी काढ, मग कॉपीच मोड. मूळ फाइलीला हात लावलास तर बोटं छाटीन."

माझे गुरू डॉन एवारिस्तो यांनी मला व्हिडिओतलं चित्र मुद्दाम बिघडवायला शिकवलं ते या वाक्यापासून. व्हिडिओत मधून मधून एक पूर्ण चौकट, म्हणजे अख्खं चित्र, येते. ती काढली की नुसती हालचाल उरते, आणि ती आधीच्या दृश्याचे रंग फरफटत नेते. आमच्या ग्वादालाहारा शहरातल्या निम्म्या बँडवाल्यांना हल्ली गाण्यांच्या व्हिडिओत हेच हवं असतं.

जपमाळ झाल्याशिवाय संगणक लावायचा नाही, हे माझं व्रत. मंगळवारी माळ संपवून हर्मेलिंदाच्या नाचाची फाइल उघडली, तर तिच्या चेहऱ्याच्या जागी एका बँडच्या व्हिडिओतला पेट्रोल पंप ओघळत होता.

हर्मेलिंदा आमच्या गल्लीतली. चाळीस वर्षं मरियामातेपुढे नाचली. शेवटचा नाच मी कॅमेऱ्यात टिपला आणि तीन आठवड्यांत ती गेली. तिच्या लेकीला, ओतिलियाला, मी शब्द दिला होता, वर्ष भरल्यावर चर्चमध्ये तिच्यासाठी होणाऱ्या मिस्साला तुझी आई पडद्यावर नाचेल. मिस्सा याच रविवारी.

माझा भागीदार गोन्सालो कॉफी पीत होता.

"कॉपी कुठाय?"

"कसली कॉपी, डोन्या क्लेओ? डिस्कवर जागाच नव्हती."

"मला न विचारता मूळ फाइलच मोडलीस?"

"बँड खूश आहे हो! म्हातारी कसली भारी वितळते बघा. मोडण्यातच गंमत, तुम्हीच म्हणता."

"मी माझं मोडते. तू दुसऱ्याची आई मोडलीस."

"एवढं काय त्यात? देवमातेपुढेच नाचली ना? तिनं ठेवली असेल की कॉपी!"

आवाज चढवायची मला सवय नाही.

"देवमातेचं नाव घ्यायचं तर आधी चूळ भर. आणि बँडला फोन लाव. हे त्यांना मिळणार नाही."

"अहो, पण…"

"तू लावतोस की मी लावू?"

त्यानं लावला. मान खाली घालून.

मी पुन्हा बघत बसले. चेहरा गेला होता, पण हालचाल सगळी जागेवर होती. खांद्याचा झटका, डाव्या गुडघ्याचं ते किंचित अडखळणं. त्या हालचालीला फक्त सुरुवातीची एक पूर्ण चौकट हवी होती. आणि नाच सुरू व्हायच्या आधी, माझ्या कॅमेऱ्याला खेटून, ओतिलियानं एक फोटो काढला होता. पिसांचा मुकुट घालून उभी असलेली आई. तो त्यांच्या देव्हाऱ्यात आहे. तोच पहिली चौकट म्हणून लावला, तर हालचाल त्याचे रंग ओढून नेईल आणि तीच पुन्हा नाचेल.

आधी खरं सांगायचं, मग फोटो मागायचा.

शाल घेतली आणि ओतिलियाच्या घराकडे निघाले.