दोन डेटाबेस आणि तुओवीचा ड्रायव्हर

आमचं गाव फिनलंडच्या पार उत्तरेला. बर्फ काढायच्या गाड्यांनी कुठल्या रस्त्यावर जायचं, याची नोंद हाउकी नावाच्या डेटाबेसमध्ये असायची. पुढे तो लिहिणाऱ्यांचं भांडण झालं आणि त्याच्याच कोडमधून लोही नावाचा दुसरा डेटाबेस फुटला. कुणी रुसायला नको म्हणून गावाने निम्मे रस्ते एकात ठेवले, निम्मे दुसऱ्यात.

दोघांशी बोलायला मात्र ड्रायव्हर एकच. ड्रायव्हर म्हणजे मधला दुभाष्या प्रोग्रॅम. तो तुओवी राउतिओने लिहिलेला. वीस वर्षांत त्यातला स्वल्पविरामसुद्धा तिने दुसऱ्या कुणाला हलवू दिला नव्हता.

सुरुवातीला लोही मोठा गुणी. ड्रायव्हरने "कोण?" विचारलं की बिचकू नये म्हणून आधी हाउकीचा जुना आवृत्ती क्रमांक सांगायचा, मग हळूच स्वतःचा. पण दोघांची तोंडं दोन दिशांना होत गेली, तशी तुओवी कोडमध्ये "हाउकी असेल तर हे, लोही असेल तर ते" घालत गेली. असे जर-तर चाळीस हजार झाले. त्या वजनाने सर्व्हरचं कपाट कलंडलेलं मी या डोळ्यांनी पाहिलंय.

सर्व्हर सांभाळणारा रेइयो म्हणायचा, "तुओवी, दोन ड्रायव्हर कर आता."

"एकदा तरी उत्तर चुकलंय?"

"नाही."

"मग कॉफी पी गुमान. चुकलं तर माझ्या हाताने मोडीन."

जानेवारीत एका रविवारी रेइयोने डागडुजीसाठी दोन्ही डेटाबेस बंद केले आणि तो मासे धरायला गेला, तो चार दिवस तिकडेच. ड्रायव्हरने हूं की चूं केलं नाही. इतक्या वर्षांत त्याला सगळं तोंडपाठ झालेलं. तो आपल्या मनाने उत्तरं देत राहिला आणि उत्तर एकच, रविवारचं शेवटचं: तुओवीची गल्ली.

अकराच्या अकरा गाड्या चार दिवस तिचीच गल्ली खरवडत होत्या. बर्फ गेला, डांबर गेलं, खालून कुणाच्या तरी पणज्याने पेरलेले बटाटे निघाले. बाकीचं गाव स्की घालून कामाला जात होतं. तक्रार कुणाचीच नाही. आमच्याकडे तशी पद्धत नाही.

शेवटी तुओवीच तणतणत आली. "अरे, माझं घर खड्ड्यात चाललंय!"

नुकताच परतलेला रेइयो म्हणाला, "तुझ्या लाडक्याला विचार."

तिने टाइप केलं, "हाउकी चालू आहे?"

"आहे."

"लोही?"

"आहे."

रेइयोने रविवारीच काढून ठेवलेले दोन्ही प्लग तिच्या नाकासमोर धरले.

"माझ्या तोंडावर खोटं बोलतोय मेला!" तुओवी खुर्चीत बसली. मग हातमोजे काढून कामाला लागली.

एप्रिलपर्यंत दोन ड्रायव्हर झाले, एकेक पापडाएवढा. रेइयोने दोन्ही शेजारी ठेवून वाचले.

"दोघांत सारखं काय उरलंय रे?" तिने विचारलं.

"एकच ओळ. तुझं नाव."

"राहू दे ती," तुओवी म्हणाली. "आणि कॉफी कर. या वेळी मला."