सैल पडलेली बाज

मी एक जुनी बाज आहे. माझे पाय ऐनाचे, दांड्या सागाच्या, आणि स्वभाव, मित्रांनो, कडक आहे. किन्हवलीजवळच्या या घरात मी सकुबाईच्याही आधी आले, म्हणून या घरावर माझा हक्क थोडा अधिक आहे, असे मी मानते.

सुताराने माझा सांगाडा केला, पण काथ्याची वीण सकुबाईच्या नवऱ्याने, देवरामने, स्वतः घातली. दर उन्हाळ्यात पायथ्याची दोरी तोच ताणी. ते पुरुषांचे काम. बायकांनी त्या दोरीला हात लावायचा नाही, अशी इथली रीत. पाहुणे विचारत, ही बाज कोणी विणली? सकाळ झाली की मला भिंतीशी उभी करत, आणि तिथून मी घराचा कारभार पाहत असे.

मग देवरामला अर्धांगवायूचा झटका आला. दवाखान्यातून आणून त्याला माझ्यावर निजवले, ते निजवलेच. व्यायाम करून घ्यायला शहापूरहून दिपिका नावाची फिजिओथेरपिस्ट येते. तिने बजावले, बाबांना दिवसा निजवू नका, उजव्या हाताने जेवू द्या, नाहीतर बोटे आखडतील आणि मग माझा इलाज चालणार नाही. सकुबाई मान डोलवी, आणि दिपिकाने अंगण ओलांडताच भात कालवून भरवी. शेजारीण लहानी वर सांगे, पडू दे गो त्याला, जिवाला आराम. मला संताप येई. पण करकरण्यापलीकडे मी काय करणार? उजवा हात माझ्या कडेला पडवळासारखा लोंबत राहिला. दिवसरात्रीच्या ओझ्याने माझी वीण खचली आणि देवराम त्या खड्ड्यात असा रुतला की उठू म्हटले तरी उठता येईना.

शेवटी सकुबाईने त्याला खुर्चीत बसवले आणि दोरी ताणायला स्वतः बसली. प्रत्येक फेरा उलटा. देवराम बघत होता. झटक्याने जड झालेली त्याची जीभ रागाने सुटली.

“नाय... खालून घे गो.”

“खालूनच घेतली.”

“डोळे फुटले काय? आण इकडं.”

डाव्या हाताने त्याने फेरा सोडवला. पण ताणताना दोरी दुसऱ्या हातात धरावी लागते. उजवा हात मांडीवरून उठला, दोरीवर आला. बोटे मिटली. निसटली. सकुबाई सवयीने पुढे धावली.

“तू ऱ्हाऊ दे,” तो म्हणाला.

तिने दोन्ही हात पदराखाली घेतले. “मग धरा नीट. दिस मावळंपर्यंत बसणार नाय मी.”

बसली मात्र. बोटे पुन्हा मिटली, आणि या वेळी दोरी सुटली नाही. इतका वाकडा ताण मला जन्मात कधी पडला नव्हता; मी पाय रोवून तो सोसला.

दुसऱ्या दिवशी सकुबाईने मला भिंतीशी उभी केली आणि ताट देवरामच्या उजव्या हाताशी ठेवले. निम्मा भात कोंबड्यांनी खाल्ला.

मित्रांनो, म्हाताऱ्या वस्तू शेवटी आमची निगा राखा म्हणून विनवतात. मी विनवत नाही, बजावते. ज्याच्यावर तुमची माया आहे, त्याला रात्री माझ्यावर निजवा आणि दिवसा मला रिकामी ठेवा. माझ्या पायथ्याचा एक फेरा अजून सैल आहे. त्याला कोणी हात लावू नका. तो देवरामचा आहे.