काळ्या हंसांची बहीण

शनिवारी दुपारी लेटनच्या गॅरेजमध्ये रेकॉर्डची दुसरी बाजू संपत आली आणि जॅनेल डोळे मिटून स्वतःच्या आवाजाची वाट बघत बसली.

आधी शांतता येणार हे तिला ठाऊक होतं. अख्ख्या मिनिटाची शांतता, लेटनने हट्टाने ठेवलेली. त्या एका मिनिटावरून त्यांनी दोन हिवाळे वाद घातला होता. पण आज हे मिनिट संपता संपेना. मग सुई आतल्या कडेला जाऊन नुसती खरखर करायला लागली. जॅनेलने डोळे उघडले. समोर ड्रमवाला नेव्हिल सॉसेज रोल खायचा थांबला होता.

"माझं गाणं कुठंय?" तिने विचारलं.

"मला नको विचारूस बाई. मी नुसते ड्रम वाजवतो," नेव्हिल म्हणाला.

लेटन म्हणजे जॅनेलचा थोरला भाऊ. लॉन्सेस्टनच्या शाळेत गणित शिकवायचा आणि उरलेल्या सगळ्या वेळात ऑर्गन वाजवायचा. पन्नाशी उलटली तरी प्रोग्रेसिव्ह रॉकचं खूळ काही डोक्यातून गेलं नव्हतं. म्हणजे ते संगीत, ज्यात एक गाणं अर्धा तास चालतं, ताल दर मिनिटाला कूस बदलतो आणि सगळ्या गाण्यांची मिळून एक गोष्ट असते. लेटनची गोष्ट परीकथेतली होती, लहानपणी आईने टेमर नदीच्या काठावर सांगितलेली. सावत्र आई सहा भावांचे हंस करून टाकते. बहिणीने खाजऱ्या पाल्याचे सहा सदरे शिवायचे, आणि ते होईस्तोवर तोंडातून शब्द काढायचा नाही. लोक तिला चेटकीण समजून जाळायला नेतात, तेवढ्यात हंस येतात, ती त्यांच्यावर सदरे फेकते आणि मग बोलते. बाहेरच्या देशांत हे हंस पांढरे असतात म्हणे. इथल्या नदीवर सगळे काळेच, म्हणून आईच्या गोष्टीतले भाऊसुद्धा काळे.

आता बहीण शेवटापर्यंत मुकी, म्हणून जॅनेललाही शेवटापर्यंत गाणं नाही. सहाही भाऊ लेटनने गायले, राजा लेटनने गायला, सावत्र आईसुद्धा त्यानेच चिरका आवाज काढून उरकली. जॅनेलने काय केलं? पाच वर्षं दर रविवारी येऊन गप्प बसायचं काम केलं. मधल्या वेळात तिने लिनोलियमच्या तुकड्यावर ठशासाठी हंस कोरले, शाई लावून तीनशे कव्हरं हाताने छापली, चिकटवली. बोटांची शाई महिनाभर गेली नव्हती. हे सगळं कशासाठी, तर दुसऱ्या बाजूच्या शेवटच्या चार मिनिटांसाठी. ते गाणं तिचं होतं. शब्दही तिने लिहिले होते. आणि लेटनचं तत्त्व असं की रेकॉर्ड म्हणजे फक्त तबकडी. इंटरनेटवर तो काही चढवत नव्हता, लोक तिथे गोष्टीचे तुकडे करून ऐकतात म्हणून. म्हणजे जे तबकडीवर नाही ते जगात नाही.

लेटन वायरींचं भेंडोळं घेऊन आत आला.

"लेटन, माझं गाणं यात नाहीये."

"असं कसं होईल?" त्याने सुई मागे ठेवली. ऑर्गन वाजला, ऑर्गन थांबला. शांतता. खरखर.

"मेलबर्नहून त्या पाच नमुन्याच्या तबकड्या आल्या होत्या, त्या ऐकल्यास का तू?"

"ऐकल्यास का काय विचारतेस? पारायणं केली. ऑर्गनच्या खाली एक बारीक सूं येत होता, तो शोधायला तीन रात्री..."

"आणि ऑर्गन संपल्यावर?"

लेटन वायरींचा गुंता सोडवायला लागला.

"ऑर्गन संपल्यावर काय केलंस, लेटन?"

"सुई उचलली," तो म्हणाला.

नमुन्याच्या तबकड्या आल्या की सगळ्या बॅंडने एकत्र बसून, न बोलता, सुईला हात न लावता, टोकापासून टोकापर्यंत ऐकायच्या आणि मग हो म्हणायचं, ही या लोकांची जुनी रीत. जॅनेलने त्या वेळी विचारलंही होतं. 'पाचच तर आहेत, माझे कान आहेत की,' असं म्हणून यानेच तिला वाटेला लावलं होतं. तिकडे मूळ तबकडीवर खाचा कापणाऱ्याला शांतता ऐकू आली, त्याला वाटलं बाजू संपली. इकडे याला ऑर्गन संपल्यावर ऐकण्यासारखं काही उरलंच नव्हतं. याने हो कळवलं आणि तीनशे तबकड्या छापून आल्या.

"मला वाटतं," लेटन हळूच म्हणाला, "तू जरा शांतपणे विचार कर. एका अर्थाने कल्पना जास्त घट्ट झालीय. ती शेवटपर्यंत बोलतच नाही. हे धाडसी आहे."

जॅनेलच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"धाडसी? तू माझा आवाज कापलास आणि वर त्याला धाडस म्हणतोस?"

"मी कुठं कापला? चुकून राहिला."

"पाच वर्षांत माझं एक गाणं, लेटन. एक. तेवढं ऐकायला तुला चार मिनिटं जड झाली."

"चल, मी निघतो," नेव्हिल म्हणाला आणि सॉसेज रोल घेऊन सटकला.

"उद्या रेकॉर्ड ऐकायला लोक येतायत," लेटन गयावया करू लागला. "बर्नीहून, होबार्टहून. एक जण तर बोटीने समुद्र ओलांडून मेलबर्नहून येतोय. उद्याचा दिवस जाऊ दे. उद्या काही बोलू नकोस, जॅन. मग मी बघतो काय ते."

हे 'मग बघतो' जॅनेल जन्मापासून ऐकत आली होती. तरी ती हो म्हणाली. का म्हणाली, याचा तिला रात्रभर संताप येत राहिला.

रविवारी दुपारी नदीकाठच्या रोइंग क्लबच्या हॉलमध्ये माणसं जमली. बहुतेक टक्कल पडलेली, दाढ्या राखलेली, विरलेल्या काळ्या टीशर्टातली. जॅनेल आईला घेऊन आली. डोरीनबाई ऐंशीच्या पुढे गेलेल्या, कानाला यंत्र, मांडीवर घोंगडी. त्यांना पहिल्या रांगेत बसवलं.

"तू शेवटी गाणार ना गं?" त्यांनी तिसऱ्यांदा विचारलं.

"तू ऐक आई," जॅनेल म्हणाली.

लेटनने आधी भाषण केलं. हंसांबद्दल, तालांबद्दल, त्या सूं आवाजाबद्दल आणि तो आपण कसा हुडकून काढला त्याबद्दल. बहिणीबद्दल म्हणाला, "कव्हरं जॅनेलने केलीत, छान आहेत." मग दिवे मंद झाले आणि सुई टेकली.

चाळीस माणसं हाताची घडी घालून ऐकत होती. कुणी खोकलंसुद्धा नाही. जॅनेल भिंतीला टेकून उभी होती, तोंडात मिठाची गुळणी धरून. राग एवढा दाटला होता की ऑर्गनची ती लांबलचक धून, जी तिला मनापासून आवडायची, तीही आज तिला आपलंच घोडं दामटणारी वाटली.

ऑर्गन थांबला. शांतता झाली. मग खरखर.

आणि कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

ही माणसं अशी की शांततेत टाळी वाजवणं म्हणजे त्यांच्यात घोर पाप. न जाणो, पुढे काही असायचं. सगळे माना खाली घालून सुईची खरखर ऐकत राहिले. पुढचा दाढीवाला शेजाऱ्याच्या कानात म्हणाला, "काय शेवट आहे." शेजाऱ्याने गंभीरपणे मान हलवली. खर, खर, खर. लेटन टर्नटेबलच्या शेजारी उभा होता. सुई उचलावी तर संपलं असं म्हणावं लागणार, न उचलावी तर हे लोक जेवणवेळेपर्यंत बसणार.

"जॅनेल कधी बोलणार?" डोरीनबाईंनी विचारलं. ऐकू कमी येणारी माणसं बोलतात तशा मोठ्या आवाजात. "गोष्टीत ती शेवटी बोलते. बोलली नाही तर जाळतील की तिला."

चाळीस माना वर झाल्या. लेटन कसाबसा भिंतीपर्यंत आला.

"गा ना," तो कुजबुजला. "जॅन, प्लीज. आत्ता गा."

"आधी तू बोल," जॅनेल म्हणाली.

"काय बोलू?"

"जे झालं ते."

खर, खर, खर. शेवटी त्याने जाऊन सुई उचलली आणि लोकांकडे न बघता म्हणाला, "याच्यात शेवटचं गाणं नाहीये. बहिणीचं. माझ्या बहिणीचं. नमुना तपासताना मी शेवटपर्यंत ऐकलंच नाही. माझं वाजवून झालं आणि मी उठलो."

लेटन सवयीने कोपऱ्यात आणून ठेवलेल्या ऑर्गनकडे वळला, साथ द्यायला. जॅनेलने हात वर करून त्याला थांबवलं. मग तिने गायला सुरुवात केली, आईकडे बघत, नुसत्या गळ्याने. पहिल्या ओळीला सूर फाटला. तरी ती थांबली नाही. चार मिनिटं लेटन हात खाली सोडून उभ्या उभ्या ऐकत राहिला, कारण उचलायला सुई नव्हती.

"हं," गाणं संपल्यावर डोरीनबाई म्हणाल्या, "आता झाली गोष्ट."

टाळ्या वाजल्या, कॉफी झाली, लोकांनी तबकड्या मागितल्या. जॅनेलने खोक्यांवर हात ठेवला आणि आज एकही मिळणार नाही म्हणून सांगितलं. प्रत्येक कव्हरावर तिने स्वतः छापलं होतं, शेवटचं गाणं, जॅनेल. ते तसंच जाऊ द्यायला ती तयार नव्हती.

सोमवारी शाळा सुटल्यावर लेटन तिच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसला. समोर कव्हरांचा ढीग, हातात काळं पेन. तिच्या नावाखाली तो लिहीत होता, 'हे गाणं यात नाही. चूक माझी. लेटन.' एक झालं की दुसरं. अंधार पडेपर्यंत पहिलं खोकंही रिकामं झालं नव्हतं.

"बोटं दुखायला लागली गं," तो म्हणाला. "नुसती सही केली तर चालेल का?"

जॅनेलने त्याच्यापुढे चहा ठेवला आणि पुढचं खोकं उघडलं.