एकेचाळीस जण, एकच उत्तर

एकेचाळीस प्रश्नावल्या, आणि सगळ्या एकाच साच्यातून काढल्यासारख्या. बारावं विधान होतं, ‘मुख्याध्यापिका आमचं ऐकून घेतात.’ पस्तिसावं होतं, ‘इथे आमचं कुणी ऐकत नाही.’ दोन्हींसमोर शाळेतल्या एकेचाळीस शिक्षकांनी ‘पूर्ण सहमत’वर खूण केली होती. शाळांमधलं वातावरण मोजायला निघालेल्या संशोधक मुलीने कपाळाला हात लावला. असं उलटं विधान न वाचता खुणा करणाऱ्याला हेरायला घालतात. इथे अख्खी शाळाच जाळ्यात सापडली होती.

मार्गदर्शक बाईंनी फोनवर एका वाक्यात निकाल लावला: ही शाळा वगळ. पण वगळली तर नऊच उरत होत्या, आणि प्रबंधाला दहा शाळा हव्याच होत्या. मुदत चार दिवसांवर. वर्ष पाण्यात जाणार हे उघड होतं.

त्याच शाळेत तिची आत्या गणित शिकवायची. मुलीने तडक तिचं घर गाठलं. आत्याने वह्या तपासता तपासताच खुलासा केला. कुठलाही फॉर्म आला की कारकून काका एक नमुना भरून शिक्षक-खोलीतल्या फळ्यावर लावत. चुकलेले फॉर्म परत येत, म्हणून ही जुनी रीत.

“कॉपी पकडण्यात तुझा हात कुणी धरू शकत नाही, आत्या. आणि तू उतरवून काढलंस?”

“अगं, तुझं काम बिघडू नये म्हणूनच सगळ्यांनी जपून उतरवलं,” आत्या म्हणाली. मग पेन खाली ठेवून हळूच पुढे बोलली, “पस्तिसाव्याला मात्र मला उतरवावं लागलं नाही. ते माझंच उत्तर होतं.”

दुसऱ्या दिवशी मुलीने मुख्याध्यापिकांकडे प्रश्नावली पुन्हा भरून घ्यायला एक तास आणि प्रयोगशाळा मागितली. तिथे त्या स्वतः आणि कारकून काका नकोत, हेही धीर करून सांगितलं. पुन्हा कशाला, असं त्यांनी विचारल्यावर तिने दोन्ही विधानं पुढे ठेवली. मुख्याध्यापिकांनी दोन्हींवर एकेक बोट ठेवलं.

“म्हणजे मी ऐकतेही आणि ऐकतही नाही. एकदा काय ते कळू दे.”

मुलीने विधानांचा क्रम बदलून पाच वेगवेगळे संच छापले. नाव कुठेच लिहायचं नव्हतं, पेन्सिली सगळ्यांना सारख्या, आणि भरलेला कागद बंद खोक्याच्या फटीतून आत टाकायचा. खेळाच्या सरांनी सवयीने शेजारी डोकावून पाहिलं, तर तिथे भलतंच विधान. “आता डोकं चालवावं लागणार,” ते पुटपुटले आणि खसखस पिकली. मग मात्र खोलीत फक्त पेन्सिलींची खरखर उरली.

या वेळी कुठलेही दोन कागद सारखे नव्हते. उलटसुलट विधानांचा मेळ एकेचाळीसपैकी एकोणचाळीस कागदांत चोख बसला. मुलीने आकडेमोड तीनदा तपासली आणि खुर्चीतच टाळी वाजवली. एकमेकांतल्या आपुलकीला पाचपैकी चार पूर्णांक तीन दशांश. ऐकून घेण्याला जेमतेम एक पूर्णांक आठ दशांश. दहावी शाळा मोजून झाली होती.

सरासरीचा कागद तिने मुख्याध्यापिकांना दिला. त्यांनी तो कपाटात ठेवला नाही. त्याच दुपारच्या शिक्षक-सभेत त्यांनी एक पूर्णांक आठ दशांश हा आकडा मोठ्याने वाचला, चष्मा काढला आणि म्हणाल्या, “बोला. मी मध्ये बोलणार नाही.”

 मग आत्याने घसा साफ केला. वेळापत्रकापासून सुरुवात झाली, आणि शाळा सुटल्याची घंटा झाली तरी कुणी जागचं हललं नाही.