गॅरंटीची पाटी

मित्रांनो, मी एक जुनी पत्र्याची पाटी आहे. गेवराईत जलालुद्दीन मिस्त्रींच्या दुकानावर सव्वीस वर्षं मी ऊन खाल्लं. पेंटरने माझ्यावर निळ्या रंगात लिहिलं होतं, ‘जळालेली मोटार भरून मिळेल. कामाची गॅरंटी.’ भरून म्हणजे आत तांब्याची नवी तार गुंडाळून. गावोगावचे लोक मान वर करून मला वाचत. मला त्याचा केवढा तोरा!

मग मिस्त्रींच्या मुलाने, जाकीरने, फ्लेक्स आणला. माझ्याच खिळ्यांवर टांगला. त्यावर लाल अक्षरं, ‘सहा महिने वॉरंटी.’ मी खाली, दाराआड. लोक त्याच्यापुढे उभे राहून फोटो काढत आणि माझा जीव नुसता तडफडे. मला गंज चढला तो पावसाने कमी, हेव्याने जास्त.

एके दुपारी गंगथडीच्या, म्हणजे गोदाकाठच्या, छबुबाई टमटममधून विहिरीवरची जळालेली मोटार घेऊन आल्या.

“मावशी, ही भरून सात महिने झाले. वॉरंटी संपली,” जाकीर म्हणाला.

“संपली? तकडं माजी मोसंबी वाळायली, तिला सांग जाऊन संपली म्हून! म्या काय तुजा फ्लेक्स बघून आलते व्हय? जलालभाऊच्या शब्दावर आलते.”

जाकीरची बहीण अलमास कॉलेजात इंग्रजी शिकते. ती पुस्तकातून मान काढून म्हणाली, “भाईजान, गॅरंटी न् वॉरंटी सख्ख्या बहिणी हायेत. मूळ शब्द एकच, अर्थ राखण करणं. फ्रान्सात उत्तरेकडचे लोक त्याला ‘व’ लावायचे, बाकीचे ‘ग’. इंग्रजीनं दोन्ही घरात घेतले.”

छबुबाईंनी तिथेच ओवी लावली,

“एक लेक गंगथडी, एक लेक घाटावरी,
बोली बदलली तरी, माय एकच गं घरी.”

बहीण? ती लाल भवानी? मला मुळीच पटलं नाही.

मिस्त्री मात्र उठले. “राखण करायची तर तारीख कावून बघायची बे?” असं लेकाला म्हणत त्यांनी मोटार उघडली. आत पाणी शिरलं होतं. “आक्का, उघड्यावर ठिवलीय न्हवं? आज भरून देतो, पन पुन्हा जळंल.” त्यांची नजर दुकानभर फिरली आणि माझ्यावर थांबली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला छबुबाईंच्या विहिरीवर नेलं आणि चार लाकडांवर आडवं ठोकलं. तेव्हापासून मी मोटारीचं छप्पर आहे. अक्षरं खाली. आता मला ती मोटार तेवढी वाचते. दोन पावसाळे गेले, तिच्यावर थेंब पडू दिला नाही. मोसंबी फुलली.

परवा जाकीर आला. “मावशी, वाऱ्यानं फ्लेक्स फाटला.”

मला गुदगुल्या झाल्या. खोटं कशाला बोलू?

“मग रं?”

“नवा लावलाय. त्येच्यावर गॅरंटी ल्हिलंय. अब्बावाली. तारीख न्हाई टाकली.”

माझा शब्द, आणि दुसऱ्याच्या अंगावर! कसं सोसायचं, सांगा. पण जाताना जाकीरने माझा सुटलेला कोपरा तारेने घट्ट बांधला. आता वाऱ्यात मी खडखडत नाही.

मित्रांनो, जुनी पाटी उतरवलीत तर तिला दाराआड टाकू नका. कुठेतरी एखादी मोटार उघड्यावर भिजत असेल.