वाक्यात उपयोग

"दुसऱ्याच्या आनंदाने आपल्याला होणारा आनंद. तीन अक्षरी," आईने शब्दकोड्यातून मान वर न काढता विचारलं.

"असा शब्द असलाच, तर वापरात नसेल," लेक बूट चढवत म्हणाली.

"आहे. मुदिता!" आईने अक्षरं भरली. जन्म शाळेत शिकवण्यात गेलेला, खोड थोडीच जाते? "अर्थ सांगितला. आता वाक्यात उपयोग कर."

"संध्याकाळी करते, बाई. उशीर होतोय."

प्रयोगशाळेत तिला सगळे ताई म्हणत. तिथलं काम प्रथिनांचे स्फटिक वाढवण्याचं. थेंबभर द्रावण बंद कप्प्यात ठेवायचं आणि वाट पाहायची. बहुतेक थेंबांचा नुसता गढूळ चोथा होतो. म्हणून कुणाला स्फटिक मिळाला, की त्याने भिंतीवर टांगलेलं जुन्या यंत्राचं झाकण हातोडीने बडवायचं आणि बाकीच्यांनी हातातलं टाकून सूक्ष्मदर्शकापुढे रांग लावायची. झाकण टांगण्याची कल्पना ताईचीच. तिच्या हातून मात्र ते एकदाही वाजलं नव्हतं. एका हट्टी प्रथिनापायी तिने वर्षं घालवली आणि शेवटी हात टेकून ते शेजारच्या टेबलावरच्या चिमणीला दिलं. अखंड चिवचिवाट, म्हणून ती चिमणी. गेले दोन दिवस मात्र तिच्या तोंडाला कुलूप होतं.

ताई स्वतःचे थेंब तपासायला सूक्ष्मदर्शकाशी गेली, तर तिथे चिमणीचीच थेंबांची तबकडी राहिलेली. सवयीने तिने डोळा लावला.

काचेसारख्या स्वच्छ थेंबात एक स्फटिक होता. धारदार कडांचा, हिऱ्यासारखा. तिच्याच त्या हट्टी प्रथिनाचा.

पोटात कळ आली. खोटं कशाला बोला, आधी कळच आली. मग तिच्या लक्षात आलं, की झाकण वाजलंच नाही.

"चिमणे, हा कधी आला?"

चिमणीचा चेहरा उतरला. "परवा, ताई."

"मग झाकण?"

"तुमच्यासमोर कुठल्या तोंडाने बडवू? तुम्ही एवढं झिजलात त्याच्यासाठी."

"म्हणजे कुणीच पाहिला नाही?"

पलीकडे प्रयोगशाळेचे प्रमुख सर खुर्चीत चुळबुळले. "तसं... पाहिला सगळ्यांनी. तू चहाला गेलीस की एकेक जण येऊन..."

"चोरून?"

"तुला वाईट वाटेल म्हणून गं."

ताई मटकन स्टुलावर बसली. स्फटिकाने दिलेली कळ सोसण्याजोगी होती, ही नव्हती. तिचे थेंब बिघडले तेव्हा हीच माणसं तिच्याभोवती बसून राहिली होती. आता घरात आनंद झाला आणि तिला तेवढी दाराबाहेर ठेवली.

"रडायला मी तुमची," ती हळूच म्हणाली, "आणि हसायच्या वेळी परकी?"

"चुकलंच माझं, ताई," चिमणीचे डोळे भरले. "खरं तर सगळ्यात आधी तुम्हालाच दाखवायचा होता. त्याच्या त्या कडा किती सरळ आल्यात, हे तुमच्याइतकं कुणाला कळणार?"

ताई उठली. हातोडी उचलून तिने चिमणीपुढे धरली.

"तुम्ही वाजवा ना."

"स्फटिक तुझा. मान तुझा."

"मग दोघी," चिमणीने हातोडीसकट तिचा हात धरला, तो सोडलाच नाही.

पहिला ठोका चाचरत पडला. दुसऱ्यापासून मात्र दोघींनी झाकणाचा असा काही पिट्ट्या पाडला, की वरच्या मजल्यावरची माणसं जिन्यात आली. स्फटिक पुन्हा पाहायला सर बिनबोभाट रांगेत उभे राहिले, सगळ्यांत मागे.

कळ गेली नव्हती. पण आता ती कोपऱ्यात अंग चोरून बसली होती, आणि बाकी जागा भरून गेली होती.

ताईने घरी फोन लावला.

"अगं, कसला दणदणाट हा?" आई ओरडली.

"वाक्यात उपयोग!" ताईही ओरडली आणि फोन झाकणाजवळ धरला.