जलपरीचे उलटे खवले

मास्तरीणबाईंच्या बागेत कारंज्याजवळ एक दगडी जलपरी होती. त्यांच्या सासऱ्यांनी स्वतः घडवलेली. एका सकाळी झाडांना पाणी घालताना बाईंना दिसलं, की तिच्या शेपटीच्या टोकाचे खवले उलटे आहेत. नखाने खरवडलं तर सिमेंटची भुकटी निघाली.

बाईंच्या मनात पाल चुकचुकली. मूळचा दगड गेला कुठे? बागेत रोज वावरणारा माणूस एकच, माळी. एकोणीस वर्षं घरचाच होऊन राहिलेला. तरी त्या दिवसापासून तो निघाला की बाई खिडकीतून त्याच्या पिशवीचा आकार न्याहाळू लागल्या. नवऱ्याच्या कानावर घातलं, तर ते चष्मा पुसत म्हणाले, दगड आहे, झिजायचाच.

आठवडाभराने बाईंनी माळ्याला सरळ विचारलं.

"शेपटी मीच बसवली, बाई," तो म्हणाला. "का, ते मला विचारू नका."

उद्यापासून येऊ नका, असं बाईंनी सांगितलं. तो पिशवी उचलून निघून गेला.

दुपारी त्यांनी औजारांची खोली उघडली. खताच्या पोत्यांमागे गोणपाटात गुंडाळलेले शेपटीच्या टोकाचे तुकडे होते, आणि एकावर लाल रंगाचा ओरखडा. बाई तशाच गाडीपाशी गेल्या. लाल गाडीचा मागचा कोपरा चेपलेला होता. नवरा हल्ली गाडी मागून भिंतीला टेकवून का लावतो, ते आता कळलं.

जेवताना त्यांनी नवऱ्याचा पेला हळूच डावीकडे सरकवला. नवऱ्याचा हात टेबलावर चाचपडत राहिला.

"कधीपासून दिसत नाही, अहो?"

ते म्हणाले, "चार महिने झाले. गाडी मागे घेताना जलपरीला धडकलो. त्याला मीच शपथ घातली होती. तू किल्ली काढून घेतली असतीस."

"घेतलीच असती," बाई म्हणाल्या, आणि घेतली.

संध्याकाळी त्या माळ्याच्या दारात गेल्या, चुकलं म्हणाल्या. त्याच्या बायकोने पाणी दिलं.

"तुम्ही विचारलंत, त्याचं काही नाही," माळी म्हणाला. "आठवडाभर न विचारता बघत होतात, ते लागलं."

तो परत आला नाही. डॉक्टरांनी नवऱ्याच्या डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख दिली. बाग बाई एकट्याच शिंपतात, आणि अर्धी झाडं त्यांच्या हाताला अजून जुमानत नाहीत.